पाय घरी

अप्पांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या डाव्या पायाकडे बघावं. गियर पडला, गाडी चालायला लागली, की तो पाय क्लचवरून उठतो, डावीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि पुढचं काम निघेपर्यंत तिथून हलत नाही. त्या कोपऱ्याला अप्पा घर म्हणायचे. "पाय घरी" हे दोन शब्द ते दिवसभरात इतक्या वेळा म्हणत की शिकायला येणारी मंडळी पाठीमागे त्यांना 'घरी मास्तर' म्हणायची. अप्पांना ते ठाऊक होतं. ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण आतून खूष असायचे.

त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. क्लच म्हणजे दोन ताटल्यांचा संसार. एक इंजिनाकडची, एक गियरबॉक्सकडची. पाय काढला की दोघी एकमेकींना घट्ट धरतात, दाबला की सोडतात. आता मध्येच कुणी आरामात पाय टेकून बसलं, तर त्यांना ना धड धरता येत, ना धड सोडता येत. मग नुसत्या घासत राहतात आणि जळतात. "लोकांच्या संसारात पाय घालू नये," असं सांगून अप्पा शेजारच्या नवशिक्याकडे असे बघायचे की तो बिचारा क्लच काय, सगळंच सोडून द्यायचा आणि गाडी बंद पडायची.

गियरच्या दांड्यावर हात ठेवून बसणाऱ्याला म्हणायचे, "ती काठी नव्हे. आतले दात झिजतात त्यानं. काठी म्हातारपणी मिळेल, घाई काय आहे?" चढावर गाडी क्लचवर तोलून धरणाऱ्याला विचारायचे, "हँडब्रेक काय शोभेला दिलाय?" आणि गाडी पुरती थांबायच्या आत कुणी रिव्हर्स टाकला, तर काहीच बोलायचे नाहीत. खाली उतरून बाजूला जाऊन उभे राहायचे. ते बोलण्यापेक्षा वाईट असायचं, हे धाकटीला पक्कं माहीत होतं. तिनं ते भोगलं होतं.

धाकटी म्हणजे अप्पांची धाकटी मुलगी. थोरली लग्न होऊन लांब गेली. धाकटी मात्र स्कूलच्या गाडीच्या मागच्या सीटवरच वाढली म्हणा ना. मोठेपणी काही वर्षं तिनं कापडाच्या मोठ्या दुकानात काम केलं. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे आणि डोळ्यांसमोर यायची ती टपावर त्रिकोणी पाटी असलेली छोटी पांढरी गाडी. एके दिवशी ती नोकरी सोडून आली आणि म्हणाली, "अप्पा, मी शिकवते तुमच्याबरोबर."

अप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "शिकव. तुझ्या पायाची खात्री पटली की गाडी तुझी, पाटीही तुझी. मग मी सकाळी उशिरापर्यंत झोपणार."

आईनं लगेच टोमणा मारला. "तुम्ही आणि झोपणार. झोपेतही ब्रेक दाबता, पांघरूण माझं जातं."

पण धाकटीच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. तुझ्या पायाची खात्री. तिला स्कूल हवं होतंच, पण त्याहीपेक्षा अप्पांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की हिचा पाय चांगला आहे. आजवर त्यांनी असं कुणालाच म्हटलं नव्हतं. थोरलीला नाही, आईला तर नाहीच नाही. आईनं शिकायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच आठवड्यात गाडीतून उतरून चालत घरी आली, ती कायमची.

ठरलं असं की सकाळच्या शिकवण्या धाकटीनं घ्यायच्या, दुपारनंतरच्या अप्पांनी. गाडी एकच. शिकवणारा शेजारच्या सीटवर बसतो, त्याच्या पायाशीही एक क्लच, एक ब्रेक. दोन्हीकडची पेडलं सळईनं जोडलेली. इकडून दाबलं की तिकडचंही खाली जातं. शिकणाऱ्याचा गोंधळ उडाला तर शिकवणाऱ्यानं निस्तरायचं, अशी ती सोय.

पहिल्यांदा क्लचप्लेट गेली तेव्हा कुणाला विशेष वाटलं नाही. शिकाऊ गाडी, शिकाऊ पाय, जळायचंच. मिस्त्रींनी नवी टाकली. हे मिस्त्री अप्पांच्या तरुणपणापासूनचे. नाल्याकाठच्या गल्लीत त्यांचं गॅरेज, त्यात एकच खड्डा, आणि खड्ड्यातून येणारा त्यांचा आवाज. माणूस कमी दिसायचा, आवाजच जास्त ऐकू यायचा.

पण नवी प्लेट टाकली काय आणि गेली काय. पिकअप नाही, चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही, आणि करपल्याचा तो वास. अप्पांनी गाडी ओढत मिस्त्रींकडे नेली. धाकटी बरोबर होती.

मिस्त्रींनी गियरबॉक्स उतरवला आणि प्लेट हातात घेऊन खड्ड्यातून वर आले. प्लेट काळीनिळी पडली होती. त्यांनी ती उजेडात धरून फिरवून बघितली.

"हाफ क्लच," ते म्हणाले.

"शिकणारे तसलेच असतात," अप्पा म्हणाले. "ती बेकरीवाली बाई तर क्लच असा चेपते, पीठच मळतेय जणू."

मिस्त्रींनी मान हलवली. "शिकाऊ पाय असा नसतो, मास्तर. तो धडपडतो, दाबतो, सोडतो. त्याची जळण वेगळी दिसते. हे सगळीकडे सारखं घासलंय. कुणीतरी निवांत पाय टेकून बसतंय. रोज."

गाडीत रोज बसणारी माणसं दोनच. अप्पा हळूच वळले आणि त्यांनी धाकटीकडे बघितलं.

"माझा पाय घरी असतो, अप्पा," ती म्हणाली.

अप्पांनी मिस्त्रींच्या हातातली प्लेट घेऊन उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "इतकी वर्षं ही गाडी मी एकटा चालवत होतो. प्लेट कधी करपली नाही. तू आलीस आणि हे सुरू झालं. पायगुण म्हणायचा, दुसरं काय."

मिस्त्री पुन्हा खड्ड्यात उतरले. एरवी अप्पांशी हुज्जत घालणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं नाही. धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही, कारण पुसलं असतं तर अप्पांना दिसलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून किल्ली अप्पांच्या खिशात गेली. सकाळच्याही शिकवण्या तेच घ्यायला लागले. धाकटीनं ऑफिसात बसून शिकणाऱ्यांना टेबलावर काड्यापेट्या सरकवून कोण कुणाला वाट देतो ते समजावायचं. ती तेही नीट करत होती. पण काड्यापेटीला क्लच नसतो. जेवताना ती आणि अप्पा आईमार्फत बोलायला लागले. "त्यांना विचार, मीठ हवंय का." "तिला सांग, नको." आई वैतागून एकदा म्हणाली, "माझ्याही पायाशी पेडलं बसवून घ्या, म्हणजे झालं."

धाकटी आईजवळ रडली. "चोर सोडून संन्याशाला फाशी आहे ही. मी कधीच पाय ठेवत नाही, आई. कधीच. झोपेतसुद्धा नाही."

"अगं, त्यांचं काय घेऊन बसलीस," आई म्हणाली. "हल्ली त्यांचं लक्षच नसतं कशात. परवा खिळा घुसला होता टाचेत, माहीत आहे? अख्खा दिवस तो घेऊन हिंडले. मोजा काढला तेव्हा मलाच दिसला. साखर बघून घ्या म्हणते, तर म्हणतात मुळातच गोड माणूस आहे मी."

त्याच आठवड्यात अप्पा संध्याकाळी घरात आले ते एकाच पायात चप्पल घालून. फरशीवर एक पाऊल वाजतंय, दुसरं मुकं. आई हसायला लागली, धाकटीलाही राग विसरून हसू फुटलं. अप्पांनी खाली बघितलं, तेही हसले. "दुसरी येईल मागून, तिचा वेग कमी आहे," म्हणाले. धाकटीनं जाऊन बघितलं तर डाव्या पायातली चप्पल फाटकाबाहेर रस्त्याच्या मधोमध पडली होती. कितीतरी दिवसांनी घरात सगळे एकदम हसले होते, म्हणून तो प्रसंग तिच्या चांगलाच लक्षात राहिला.

मग ती एकटीच मिस्त्रींकडे गेली. म्हणाली, "माझा पाय नाही हे मला दाखवून द्यायचंय. कसं दाखवू?"

मिस्त्री बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, "नव्या प्लेटबरोबर बेअरिंग जुनंच ठेवलंय मी. मास्तर म्हणाले, चालेल. ते आता कोरडं पडलंय, ओरडतं. पेडलला नुसता पाय लागला की बारीक किंकाळी मारतं. पाय काढला की गप्प. कान देऊन ऐक, तुझं तुला कळेल." आणि ती निघाली तेव्हा पाठीमागून म्हणाले, "मास्तरांना म्हणावं, आता जरा विश्रांती घ्या." धाकटीला वाटलं, मिस्त्री आपल्या बाजूनं बोलतायत. तिला बरं वाटलं.

सकाळी ती अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. आईला मध्ये न घालता थेट बोलली. "हातच्या काकणाला आरसा कशाला, अप्पा? मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. बेअरिंग ओरडलं तर मी पुन्हा गाडीला हात लावणार नाही. नाही ओरडलं, तर तुम्ही तुमचा शब्द पाळायचा."

अप्पांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "चल. नाहीतरी बेकरीवाल्या बाईंना घ्यायचंच आहे, त्यांच्या दुकानापर्यंत तूच ने."

गोदामांमागचा रस्ता लांब आणि सरळ होता. सकाळची वेळ, गर्दी नव्हती. धाकटीनं पहिला टाकला, दुसरा, तिसरा, आणि पाय उचलून कोपऱ्यात ठेवला. टाच जमिनीला टेकली हे तिनं स्वतःशी पक्कं केलं. गाडी छान चालली होती. आणि तेवढ्यात तो आवाज सुरू झाला. बारीक, सलग, दाताखाली खडा यावा तसा.

"पाय घरी," अप्पा म्हणाले.

"घरीच आहे."

"मग ओरडतंय ते काय, माझं पोट?"

धाकटीनं खाली बघितलं. तिचा पाय कोपऱ्यात होता. आणि तिच्यासमोरचं क्लचचं पेडल, ज्यावर कुणाचाही पाय नव्हता, आपलं आपण बोटभर खाली गेलेलं होतं.

क्षणभर तिला नुसता आनंद झाला. सुटले, असं वाटलं. मग तिनं शेजारी बघितलं. अप्पांचा डावा पाय त्यांच्या पेडलवर आडवा पडला होता, झोपलेल्या माणसाचा असतो तसा जड. आणि अप्पा समोर रस्त्याकडे बघत, मान जराशी तिरकी करून, तो आवाज लक्ष देऊन ऐकत होते. चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

खिळा. रस्त्यातली चप्पल. आपण किती हसलो होतो.

"माझाच होता," ती म्हणाली. "चुकलं, अप्पा."

हे तिनं ठरवून म्हटलं नाही, तोंडातून निघून गेलं. अप्पा एकदम सैल झाले. त्यांनी सीटवर सावरून बसताना पाय हलवले आणि आवाज थांबला.

"बघ, बोललीस आणि थांबला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा माया होती. "कबूल करायला मोठं मन लागतं, पोरी. मीही जरा जास्तच बोललो त्या दिवशी. जाऊ दे. पाय काय, सुधारतो. मी आहे ना शेजारी. पाटी आपण रंगवून घेऊ, तुझ्या नावाची."

हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. एवढंसं खोटं बोलायचं आणि गप्प बसायचं. अप्पांचं काही जाणार नव्हतं, तिचंही नाही. प्लेटा जळतील, जळू देत. तिनं मनाशी तसं म्हणून टाकलं आणि गाडी पुढे नेली.

गोदामं संपतात तिथे कोपऱ्यावरून एक हातगाडीवाला पाठमोरा, गाडी ओढत, अचानक रस्त्यात आला. धाकटीनं ब्रेक दाबला. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्यानं वळून बघितलं, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.

"मी दाबला म्हणून वाचला," अप्पा म्हणाले. "नजर पाहिजे, नजर."

शेजारच्यानं ब्रेक दाबला की आपल्या पायाखालचं पेडल आपल्या आधी खाली जातं. शिकताना धाकटीनं ते हजारदा अनुभवलं होतं. आज ते गेलं नव्हतं. तिनं तिकडे बघितलं. अप्पांचा उजवा पाय ब्रेकच्या शेजारी, मॅटवर घट्ट दाबलेला होता. त्यांनी सगळा जोर लावून जमीन दाबली होती. डावा पुन्हा क्लचवर जाऊन पडला होता.

आणि पुढच्या वळणावर बेकरीवाली बाई उभी राहणार होती, जिला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे अजून बघून ठरवावं लागत होतं.

धाकटीनं गाडी कडेला घेतली. न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच ठेवलं. मग तिनं दोन्ही पाय वर घेतले आणि ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालून बसली.

"हा काय पोरकटपणा? पाय खाली घे."

"आवाज ऐका, अप्पा."

बेअरिंग ओरडत होतं. अप्पा ऐकत राहिले. ज्या कानांनी त्यांनी आयुष्यभर इंजिनं ऐकली, त्या कानांना आणखी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी तिच्या मांडीकडे बघितलं. तिच्यासमोरच्या रिकाम्या, बोटभर दबलेल्या पेडलकडे बघितलं. मग, फार सावकाश, स्वतःच्या पायाकडे.

"पाय घरी," ते हळूच म्हणाले.

पाय हलला नाही. आवाज चालूच होता.

"पाय घरी," त्यांनी पुन्हा म्हटलं. कुणा नवशिक्याला दुसऱ्यांदा सांगायचे, अगदी त्याच सुरात. मग त्यांनी वाकून गुडघ्याजवळ दोन्ही हातांनी पँट धरली आणि पाय उचलून बाजूला ठेवला. आवाज बंद झाला. नुसतं इंजिन चालू राहिलं.

"मला वाटत होतं तो घरीच आहे," अप्पा म्हणाले.

धाकटी हमसून हमसून रडायला लागली. आपण निर्दोष ठरलो याचं तिला एवढं वाईट वाटेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. अप्पा रडले नाहीत. त्यांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"तुझा पाय चांगला आहे," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. तुझा नाही तर मग कुणाचा, हे बघायची भीती वाटली असेल. तुला पायगुण म्हणालो मी."

"जाऊ द्या ना."

"जाऊ कसं देऊ? आता कुठे जायचं राहिलंय?"

बऱ्याच वेळानं त्यांनी दार उघडलं. उतरताना आधार हवा होता म्हणून त्यांनी हात गियरच्या दांड्यावर टेकवला आणि त्याच्यावर भार देऊन उठले. धाकटीनं ते बघितलं. अप्पा गाडीला धरून धरून मागे गेले, मागचं दार उघडलं आणि आत बसले. तिथे शिकणारे आपली पाळी येईपर्यंत बसत असत.

"चल," ते म्हणाले. "बाई खोळंबल्या असतील."

बेकरीवाली बाई वळणावर उभी होती, हाताला अजून पीठ. मास्तर मागे बसलेले बघून ती जरा गोंधळली, पण काही न विचारता ड्रायव्हरच्या जागी बसली. धाकटी शेजारच्या सीटवर आली. तिनं आपले दोन्ही पाय कुठे आहेत ते वाकून बघितलं. बाईंनी पहिला टाकला, दोनदा गचके खाल्ले, दुसरा टाकला. गाडी चालायला लागली आणि बाईंचा पाय सवयीनं क्लचवरच राहिला. बेअरिंग ओरडायला लागलं.

धाकटीनं आरशात बघितलं. अप्पा मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत बसले होते. त्यांच्यादेखत ते दोन शब्द म्हणणं तिच्या जिवावर आलं.

"बाई, पाय काढा," ती म्हणाली.

मागून अप्पांचा आवाज आला. "घरी म्हण," ते म्हणाले. "नुसतं काढ म्हटलं तर तो जाणार कुठे?"

"पाय घरी," धाकटी म्हणाली. बाईंनी पाय कोपऱ्यात ठेवला आणि आवाज थांबला.